बांगड्यांचा रुमाल

मृदुलाताई,

रविवारी स्टेशनवर जे झालं ते तुम्हाला सांगायला हवं, म्हणून लिहायला बसले आहे. तुम्ही असतात तर गाणं लागल्या लागल्या सांगून मोकळी झाले असते. आता सुरुवात कुठून करायची तेच कळत नाही. मी चौथी शिकलेली बाई, वाणसामानापलीकडे काही लिहायची वेळ कधी आली नाही. हे कोणी वाचणार नाही, म्हणून हात चालतोय.

रविवारचं सांगायचं तर आधी बांगड्यांचं सांगावं लागेल. ते तुम्हाला माहीतच आहे, तरी सांगते. मला पुन्हा ऐकायचं आहे.

बडोद्यात एफएम नवीन नवीन आलं होतं. आमच्या प्रतापनगरच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये शेजारणीने सांगितलं की अलकापुरीत एका रेडिओवाल्यांना केरफरशी आणि चहापाण्याला बाई हवी आहे. मी गेले. मला वाटलं होतं, रेडिओ म्हणजे मोठमोठी यंत्रं असतील. बघते तर चार खोल्या, आणि त्यातली एक कापसाच्या गादीसारख्या भिंतींची. परागभाई, आपले मॅनेजर, त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं, "शोभाबेन, लाल लाइट होय त्यारे अंदर नहीं जवानुं." मी मान हलवली. मान हलवण्यात मी पहिल्यापासून हुशार.

पण तुमचा चहा लाल दिवा असतानाच न्यावा लागायचा. दुपारी तुम्ही माइकवर सलग बोलायचात, घसा सुकायचा. पहिल्या आठवड्यातली गोष्ट. मी कप ठेवायला हात पुढे केला आणि माझ्या बांगड्या वाजल्या. दोन्ही हात भरून हिरव्या काचेच्या बांगड्या, वाजणारच. त्या भिंती बाहेरचा आवाज आत येऊ देत नाहीत, पण आतला मात्र सुईएवढा असला तरी साऱ्या बडोद्याला ऐकू जातो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी बाहेर आले तर परागभाई दारातच उभे. "बंगडी काढी नाखो ने, शोभाबेन. अहीं ना चाले."

त्यांच्या मनात काही नव्हतं. त्यांच्या दृष्टीने ते घड्याळ काढून ठेवण्यासारखं होतं. पण नवरा जिवंत असताना काचेच्या बांगड्या काढून ठेवायच्या, तेही रोज, नोकरीसाठी? मी चहाच्या खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. दुसऱ्या दिवसापासून यायचं नाही, एवढं ठरवून टाकलं.

तुम्ही आलात. "काय झालं?" विचारलंत. तुम्ही माझ्या हातांकडे पाहिलंत, बाहेर परागभाईंच्या टेबलाकडे पाहिलंत आणि तुम्हाला समजलं. पर्समधून रुमाल काढलात, पांढरा, निळ्या काठाचा. एका हातातल्या बांगड्या वर कोपराकडे सारल्यात आणि त्यांच्यावरून रुमाल गुंडाळून गाठ मारलीत.

"घट्ट होतंय का?"

"नाही."

"हात हलव बघू." मी हलवला. आवाज नाही. "झालं तर मग. चहा याच हाताने ठेवायचा, दुसरा पाठीमागे. बांगड्या बांगड्यांच्या जागी, नोकरी नोकरीच्या जागी. माणूस चांगला आहे ग, पण घरात बायको असून इतकं कळत नाही म्हणजे बघ."

तुमच्या हातात नुसतं घड्याळ होतं. मी बघितलं ते तुम्ही बघितलंत आणि हसून म्हणालात, "मला ही कटकट नाही."

तो रुमाल मी धुऊन, इस्त्री करून परत आणला तर तुम्ही घेतला नाहीत. "राहू दे. आता तो तुझ्या बांगड्यांचा."

दुसरं एक. ऑफिसात सगळे मला शोभाबेन म्हणायचे. क्वार्टर्समध्ये मी काकी, वहिनी, नाहीतर कोणाची तरी आई. हे मला 'अगं' म्हणतात. लग्न होऊन खानदेशातून इथे आल्यापासून नुसतं 'शोभा' अशी हाक मला कोणी मारली नव्हती. तुम्ही मारलीत आणि मी मागे वळून पाहिलं, दुसरी कोणी शोभा आली की काय.

आणि मग आपलं बोलणं. बाहेरच्या कोणाला सांगितलं तर पटायचं नाही की आपण गाण्यांच्या मापाने बोलायचो. गाणं लागलं की लाल दिवा विझायचा, तुम्ही कानावरचं काढून माझ्याकडे वळायचात. गाणं संपत आलं की तुम्ही बोट वर करायचात आणि मी अर्ध्या शब्दावर थांबायचे. मग तुम्ही गुजरातीत, त्या दुसऱ्या, मऊ आवाजात साऱ्या गावाशी बोलायचात. दुकानातल्यांशी, शिवणयंत्रावर बसलेल्या बायकांशी, पार सावली तालुक्यापर्यंतच्या लोकांशी. परत गाणं. परत माझ्याकडे वळून, "हं, मग काय झालं?"

लोकांना वाटतं मी अबोल आहे. तसं नाही. बोलायला लागले की थांबायचं कसं, त्याची मला भीती वाटायची. समोरचा कंटाळला तर, हसला तर, तोवर आपण किती पुढे गेलेलो असणार. तुमच्याकडे ती भीतीच नव्हती. थांबवायला गाणं होतं. आणि आपलं स्टेशन जुनी, संथ गाणी लावायचं म्हणून बरं, जरा ऐसपैस वेळ मिळायचा. "बाकीच्या स्टेशनांवर पोरं ओरडतात," तुम्ही म्हणायचात, "आपण बोलायचं."

त्यातच एकदा मी ह्यांच्या सायकलचं सांगितलं.

हे रागावले की बोलत नाहीत. ओट्यावर सायकल उलटी करून ठेवतात आणि फडक्याने पुसत बसतात. थोडा राग असला तर नुसतं हँडल, जास्त असला तर एकेक आरा. ह्यांच्या रेल्वे वर्कशॉपमधले सगळे स्कूटरवर आले तरी ह्यांनी सायकल सोडली नाही, ती यासाठीच असेल असं मी तुम्हाला म्हटलं. तुम्ही इतक्या हसलात की चष्मा काढावा लागला. मग बोट वर केलंत. मी थांबले. लाल दिवा लागला, आणि तुम्ही साऱ्या बडोद्याला सांगायला सुरुवात केलीत. "मारी एक बहेनपणी छे. एना वर गुस्से थाय ने, तो सायकल लूछवा बेसे."

मैत्रीण म्हणजे मी, आणि सायकल पुसणारा तिचा नवरा म्हणजे हे. मी तिथेच रिकामा कप धरून उभी. ओरडताही येत नाही, दिवा लाल. सायकल, ओटा, फडकं, एकेक आरा, सगळं माझ्या डोळ्यांसमोर हवेत गेलं. आणि फोन सुरू झाले. कोणाचा नवरा रागावला की पंखा बंद करून बसतो, कोणाचा खमण आणायला जातो आणि एकट्याचंच आणतो. तुम्ही खुशीत होतात. परागभाई काचेपलीकडून अंगठा दाखवत होते. वर्कशॉपच्या चहाच्या टपरीवर आपलंच स्टेशन चालू असतं, आणि ह्यांना सायकल पुसताना आमची क्वार्टर्सची पूर्ण लाइन रोज बघते, हे तुमच्या ध्यानात नव्हतं. माझ्या होतं.

त्यानंतर मी बोलणं बंद केलं. कप ठेवायचे आणि निघायचे. तुम्ही "हं, मग काय झालं?" म्हणायचात, मी "काही नाही" म्हणायचे. तुम्ही किती दिवस सहन केलंत. मग एकदा मोठं गाणं लावलंत आणि दार अडवून उभ्या राहिलात.

"तुझं नाव घेतलं का मी?"

"नाव नाही घेतलं. घर घेतलं."

"अगं, किती बायका बोलायला लागल्या बघ तुझ्यामुळे. फोन थांबत नव्हते."

"त्यांना बोलायचं होतं. मला नव्हतं."

"तुला बोलायचं असतं, शोभा. तू घाबरतेस."

"दोन्ही असू शकतं."

"मग मी काय करायचं, नुसतं हवामान सांगायचं?"

तेव्हा मी ते विचारलं. इतक्या वर्षांत इतकं सरळ मी कोणाला काही विचारलेलं नाही. "ताई, तुमचं घर सांगितलंत का कधी रेडिओवर?"

तुम्ही दारातून बाजूला झालात. गाणं चालू होतं, अजून बरंच बाकी होतं. तुम्ही खुर्चीत बसलात, कानावरचं हातात घेऊन फिरवत राहिलात. "रावपुऱ्यात भाऊ-वहिनी आहेत. वर माझी खोली आहे," म्हणालात. "त्या खोलीत सांगण्यासारखं काही घडत नाही ग."

मग तुम्ही बोट वर केलंत. गाणं संपायला वेळ होता तरी केलंत. मी थांबले. आणि त्या गाण्यानंतर तुम्ही वळून "हं, मग काय झालं?" म्हणाला नाहीत. पुढे कधी तो विषय निघाला नाही. तुम्ही काढला नाहीत, मीही नाही. आज वाटतं, ते अर्धं गाणं शिल्लक होतं, त्यात तुम्ही आणखी काही सांगितलं असतंत. पण वाटून काय उपयोग.

दुसऱ्या दिवसापासून तुम्ही विचारायला लागलात. मी काही सांगितलं की डोळे बारीक करून, "हे सांगू?" मी बहुतेक वेळा नाही म्हणायचे. लोणच्याच्या बरणीचं नाही, नणंदेचं तर नाहीच नाही. कधीतरी मान हलवायचे, की तुमचा चेहरा असा व्हायचा जणू मी हातावर पेढा ठेवला. सायकलवाली मैत्रीण तोवर गावाच्या ओळखीची झाली होती. लोक फोनवर तिची खबर विचारायचे. मी भाजी घ्यायला गेले तर भाजीवाल्याच्या रेडिओवर मीच असायचे, आणि तो मला म्हणायचा, "मासी, सांभळो, आ बाई बहु मजानी छे." भारी गमतीची बाई आहे, ऐका, असं मलाच.

एक तुम्हाला कधी सांगितलं नाही. ज्या दिवशी सायकल रेडिओवर गेली त्या संध्याकाळी हे घरी आले. टपरीवर सगळ्यांनी यथेच्छ चेष्टा केली होती. ह्यांनी सायकल उलटी केली, फडकं घेतलं, थोडं थांबले आणि फडकं परत खिळ्याला अडकवलं. जेवताना म्हणाले, "आता रागवायचीही सोय राहिली नाही." मी खाली मान घालून भात कालवत होते. मग म्हणाले, "पण बाई बोलतात छान. आरे कसे पुसायचे ते बरोबर सांगितलं." त्यानंतर हेच मला वर्कशॉपमधले किस्से सांगायला लागले. सांगून झाले की, "हे सांग तुझ्या ताईंना. माझं नाव नको घालायला." आमच्या अख्ख्या संसारात आम्ही जितकं बोललो नसू तितकं त्या दोन-तीन वर्षांत बोललो. तुम्हाला हे सांगितलं असतं तर तुम्ही वाद जिंकला असतात. म्हणून ठेवून दिलं. आणि अजूनही माझं म्हणणं तेच आहे, की आधी विचारायला हवं होतं. तुम्ही गेलात म्हणून मी ते मागे घेणार नाही. तुम्हालाही ते आवडलं नसतं.

आपला दुसरा वाद तर राहूनच गेला. "एक दिवस तूच बोल. एक वाक्य." मी कानावर हात ठेवायचे. मग तुम्ही खाली यायचात, भाजीवाल्याशी घासाघीस केल्यासारख्या. "बरं, वाक्य नको. रुमाल सोडून आत ये. नुसत्या बांगड्या वाजू देत. लोक विचारतील कोण आलं, मी सांगेन, तीच, सायकलवाली, चहा घेऊन आली."

"परागभाई मला काढून टाकतील."

"परागभाईला मी बघते."

"आज नको."

"तुझं आज नको म्हणजे कधीच नको."

"तसं समजा."

"हट्टी आहेस."

"तुम्ही कमी आहात का."

हे इतक्या वेळा झालं की शेवटी नुसतं तुम्ही माझ्या रुमालाकडे बघायचात आणि मी मान हलवायचे. तेवढ्यात वाद होऊन जायचा.

तुमचा आवाज आधी बसला. चहाच्या जागी गरम पाणी, मग ज्येष्ठमध. माझ्या डब्यातलं वांग्याचं भरीत तुम्ही चोरून खायचात, तेलाने घसा धरतो म्हणून परागभाईंनी बंदी घातली होती, ते तुम्ही स्वतःच नको म्हणायला लागलात. तेव्हाच मला धस्स झालं होतं. मग सुट्टी, मग दवाखाना. दुपारी तुमच्या जागी कंप्युटर गाणी लावायला लागला. एकामागून एक, नीट, न चुकता. मधे कोणी बोट वर करत नाही.

मी रावपुऱ्यात आले तो दिवस आठवतो का? विचारतेय तरी काय मी. ऑफिसातून तशीच आले होते, मुगाचं कढण घेऊन. तुमच्या वहिनींनी जिना दाखवला. वरची खोली मी पहिल्यांदा पाहिली. पलंग, तंबोरा, खिडकीत रेडिओ, त्यावर आपलंच स्टेशन. तुम्हाला बोलता येत नव्हतं. मी उभीच. कढणाचं भांडं हातात. तर तुम्ही हाताने खूण केलीत, हं, मग?

ताई, मी बोलले. भाजीवाल्याचं, परागभाईंच्या नव्या मोबाईलचं, नणंदेचंसुद्धा. तुम्ही दमलात की बोट वर करायचात, मी थांबायचे. डोळे मिटून पडायचात. मग परत तीच खूण. गाणं नव्हतं, तुमच्या श्वासाच्या मापाने चाललं होतं. तेवढं मी आयुष्यात बोलले नव्हते, आणि ते सगळं एका माणसासाठी.

निघताना मी तुमचा हात धरला तर तुमचं लक्ष रुमालाकडे गेलं. घाईत तसाच बांधलेला राहिला होता, निळ्या काठाचा. तुम्ही दुसऱ्या हाताने गाठ सोडवायला लागलात. बोटांत जोर नव्हता. मी मदत करायला गेले तर मानेने नको म्हणालात. बराच वेळ लागला. गाठ सुटली, बांगड्या खाली घसरल्या आणि वाजल्या. तुम्ही डोळे मिटून ऐकलंत. रुमाल तुमच्या मुठीतच राहिला, मी मागितला नाही.

आता रविवार. परागभाईंनी ठरवलं होतं की दुपारी तुमच्या वेळेला तुमच्यासाठी एक तास ठेवायचा, लोकांनी फोन करावेत. स्वतःच माइकसमोर बसणार म्हणाले. मला म्हणाले, "शोभाबेन, तमे पण बे शब्द बोलो. तमे तो एमनां खास हतां." मी मान हलवली, नाही. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. पूर्वी असते तर आग्रह केला असता.

मी चहाच्या खोलीतून ऐकत होते. किती फोन, ताई. सावलीची एक बाई म्हणाली की तिच्या सासूला दुपारचं जेवण तुमच्या आवाजाशिवाय जात नसे. एक दुकानदार नुसता रडला आणि फोन ठेवून दिला. परागभाई मधे मधे पाणी पीत होते. मग एका बाईंचा फोन आला. वय झालेलं, आवाज खणखणीत. "मृदुलाबेन तो गयां," त्या म्हणाल्या, "पण पेली सायकलवाळी बहेनपणी क्यां छे? एनुं हवे कोण सांभळशे?"

ती सायकलवाली कुठे आहे, तिचं आता कोण ऐकणार. परागभाईंनी काचेतून माझ्याकडे पाहिलं. त्यांना सगळं माहीत होतं, आधीपासूनच. त्यांनी बोलावलं नाही, खूण केली नाही, नुसतं पाहिलं. मग त्या बाईंना म्हणाले, "छे. अहीं ज छे." आहे, इथेच आहे.

चहा उकळला होता. मी तुमच्या कपात गाळला, तुमच्यासारखा, आलं कमी. दारापाशी आले. दिवा लाल होता. सवयीने ट्रे खाली ठेवला, बांगड्या वर सारल्या, ह्यांचा रुमाल काढला. आता ह्यांचाच वापरते. गाठ मारायला घेतली आणि तुमची बोटं आठवली, केवढा वेळ लावून ती गाठ सोडवली होती. मी रुमाल कमरेला खोचला. हात सरळ खाली सोडला. बांगड्या मनगटाशी आल्या. खोटं कशाला सांगू, नोकरीचं डोक्यात होतं, घरभाडं नसलं तरी मुलाची फी आहेच. तरी दार ढकललं.

मी कप तुमच्या जागेवर ठेवला. सावकाश नाही ठेवला. घरी ठेवते तसा ठेवला.

त्या खोलीत आवाज केवढा होतो. मला वाटलं होतं बारीक किणकिण होईल. ती भिंतीपर्यंत जाऊन परत आली. परागभाई बोलता बोलता थांबले. मी त्यांच्याकडे न बघता उभी. मग ते माइकजवळ वाकून हळूच म्हणाले, "मृदुलाबेननी चा आवी गई," आणि गाणं लावलं. दिवा विझला. मी बाजूच्या स्टुलावर टेकले. तुमचा चहा तसाच निवत राहिला आणि आम्ही दोघं ते गाणं पूर्ण ऐकून उठलो.

घरी आले तर हे ओट्यावर होते. सायकल उलटी, हातात फडकं, एकेक आरा चाललेला. मी पायरीवरच थांबले.

"रागावलात का?"

"नाही ग." वर बघितलं नाही. चाक फिरवलं, पुसलेलाच आरा परत पुसला. मग म्हणाले, "मी ओळखल्या तुझ्या बांगड्या. लाइनमधल्या सगळ्यांना सांगितलं, ही माझी बायको."

मी त्यांच्या बाजूला बसले. दुसरं फडकं नव्हतं, म्हणून कमरेचा रुमाल काढला आणि मागचं चाक मी घेतलं. काळोख पडेपर्यंत दोघं पुसत बसलो.

ताई, हे सांगा. जिथे असाल तिथे, ज्याला सांगायचं त्याला. नाव घालून सांगितलंत तरी चालेल.

तुमची
शोभा